टेलरकाकांचा डावा गुडघा

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

नवी वही. पहिलं पान माझं नेहमीच सुंदर असतं. यंदा अक्षर शेवटपर्यंत टिकवायचं.

संकल्प तीन. रोज चालणं. साखर बंद. नव्या भरतीत ऑफिसात पहिला नंबर.

नवी भरती म्हणजे आमच्या वार्धक्य पाहणीतली. ही पाहणी वीस वर्षं चालू आहे. दर दोन वर्षांनी त्याच माणसांकडे जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. कुठे दुखतं, काय विसरता, मुलं फोन करतात का. सुरुवातीला पन्नाशी ओलांडलेले लोक घेतले होते. आता त्यातला सगळ्यात तरुण माणूस सत्तरीच्या पुढे आहे आणि बरेचसे उत्तरं द्यायच्या पलीकडे गेलेत. म्हणून आता खालून नवीन माणसं जोडायची, पन्नास ते पंचावन्नची. वरून गळती आणि खालून भरती.

मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, या कामाला तरुणांशी जमवून घेणारा माणूस लागेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नसेल पाहिलं तरी पाहायला हवं होतं. मी अठ्ठावन्न. साठी बुद्धी नाठी म्हणतात, म्हणजे अजून दोन वर्षं मी निर्धास्त आहे.

मॅडम म्हणजे आमच्या सुपरवायझर. एके काळी माझ्याच हाताखाली शिकल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, उत्तर देणाऱ्याला कधीही छान म्हणायचं नाही. ज्याला जमतंय त्याला छानची गरज नसते. आपल्या तोंडून छान निघतं ते दया आली की, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. चेहरा कोरा ठेवायचा, लिहून घ्यायचं, पुढचा प्रश्न. आजतागायत त्यांच्या तोंडून छान ऐकलेलं नाही, माझ्या कामाबद्दलसुद्धा. शिष्य असावा तर असा.

६ जानेवारी, बुधवार

सकाळपासून दारं वाजवली. सगळीकडे नकार. दोष माझा नाही, त्यांच्या वयाचा आहे. सत्तरीचा माणूस पाहणीवाला आला की खुर्ची पुसून देतो. पन्नाशीचा माणूस दार अर्धंच उघडतो आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः उभा राहतो.

एकाने विचारलं, मी काय म्हातारा दिसतो का. मी प्रामाणिकपणे सांगितलं, अजून नाही. त्याने दार लावलं.

पार्लरवाल्या बाईंनी बावन्न वय कबूल केलं, पण पंचेचाळीस लिहा म्हणाल्या. पंचेचाळीस लिहिलं तर तुम्ही पाहणीतच बसत नाही, असं समजावलं. त्या म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला.

उद्यापासून वार्धक्य हा शब्द वापरायचा नाही. आयुष्याचा पुढचा टप्पा म्हणायचं.

पाहणीत लोकांचं वजन घ्यायच्या वजनकाट्याचे सेल संपत आलेत. नवीन आणले.

९ जानेवारी, शनिवार

पहिली मुलाखत झाली. झाली ती नेमकी टेलरकाकांच्या घरात.

टेलरकाका माझे पहिल्या फेरीपासूनचे. दोन वर्षांपूर्वी गेले. माणूस गेला की आम्ही घरच्यांची एक शेवटची मुलाखत घेतो, आजारपण किती दिवस, शेवटी बोलत होते का, वगैरे. ती मीच त्यांच्या सुनेकडून घेतली. नंतर सून घर सोडून गेली. आता तिथे एक जिमवाला राहतो. व्यायाम शिकवतो. वय एक्कावन्न, दंड माझ्या मांडीएवढे. त्याचा पत्ता नव्या भरतीत निघाला.

पत्ता आपोआप निघतो, कॉम्प्युटर काढतो. कोणाला स्वतःहून पाहणीत येता येत नाही आणि कोणी कोणाला घुसवू शकत नाही. हे मी फार अभिमानाने सांगतो लोकांना.

तिसरा मजला, कॉरिडॉरच्या टोकाचं दार. वर चढताना शिलाई मशीनचा आवाज आला. जिमवाल्याला विचारलं, शेजारी कोणी शिवतं का. नाही म्हणाला. असेल दुसरं काही. जुन्या इमारतीत पाइप वाजतात.

मी भुतंखेतं मानत नाही. वीस वर्षं लोकांच्या मरणाची नोंद ठेवणाऱ्याने मानू पण नये, कामच होणार नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

बायकोबद्दल थोडं लिहायला हवं. ती बावन्नची. हल्ली तीच तीच गोष्ट दोनदा सांगते. पोरगी रविवारी येणार हे सकाळी सांगितलं, दुपारी परत सांगितलं, संध्याकाळी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत बघत. आमच्या पाहणीत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, तिला कशाला घाबरवा.

वजनकाट्याचे सेल आणले.

१३ जानेवारी, बुधवार

बायकोने गॅसच्या बटणापाशी चिठ्ठी चिकटवली आहे. बंद केला का? दाराच्या आतल्या बाजूला दुसरी. किल्ली घेतली का? बिचारी. स्वतःला आठवण राहावी म्हणून धडपडते आहे. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

रविवारपासून तिच्यावर बारीक लक्ष ठेवणार. शास्त्रीय पद्धतीने.

१७ जानेवारी, रविवार

पोरगी अचानक आली. कळवून यायचं ना. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी आत गेलो तर गप्प. तिलाही आईची काळजी लागलेली दिसते. जाताना मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मी म्हटलं आईला जप. ती रडायलाच लागली. पोरगी लहानपणापासून हळवी आहे.

१८ जानेवारी, सोमवार

पॅसेजमध्ये जमिनीवर पट्टी चिकटवली. आमच्या चालण्याच्या चाचणीची असते तशी, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत नेहमीच्या वेगाने चालायचं. बायको नकळत चालत जाईल आणि मी घड्याळ लावून बघेन.

निकाल: ती पट्टीपाशी थांबली, खाली वाकली, पट्टी उचकटून काढली. मग तिथेच जमिनीवर बसून राहिली. चाचणी बाद. नोंद मात्र केली, की कारण नसताना जमिनीवर बसते.

२१ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ६

आज टेलरकाकांकडे जाऊन आलो. चहा झाला. डावा गुडघा तसाच आहे, जिना उतरताना जास्त. दहा शब्द ऐकून आठवून सांगायच्या चाचणीत नऊ. नेहमीप्रमाणे दोरी राहिली. जन्मभर दोरा ओवला आणि दोरी आठवत नाही, असं म्हणून दोघं हसलो. माझी कॉलर बघून म्हणाले, ही पुढच्या वेळी उलटून देतो.

चांगला दिवस.

२२ जानेवारी, शुक्रवार

कालचं पान वाचलं. टेलरकाका असं लिहिलंय. म्हणजे जिमवाला. घाईत लिहिलं की असं होतं.

पण कॉलर?

जिमवाला टी-शर्ट घालतो. त्याला कॉलरीतलं काय कळणार. शर्ट काढून बघितला. कॉलर खरंच झिजली आहे.

पुढे लिहीत नाही. हात थंड पडलेत. हवाच गार आहे.

२५ जानेवारी, सोमवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं कौतुक. निघालं भलतंच.

मुख्य ऑफिसातल्या आकडेवाल्याचा फोन होता. तो तिकडे बसून सगळ्यांची उत्तरं तपासतो. त्याचं म्हणणं, माझ्या नव्या माणसांची उत्तरं माझ्याच जुन्या माणसांसारखी येतात. आणि जुन्यांपैकी जे गेले, फक्त त्यांच्यासारखी. जिमवाल्याला डावा गुडघा. पार्लरच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सेल्समनला, वय त्रेपन्न, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आणि पेन्शन. ते ऑपरेशन आणि ती पेन्शन हेडबाईंची. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, गेल्या फेरीच्या आधी गेल्या. त्या मला उत्तरं देण्याआधी प्रश्नांतल्या चुका काढून दाखवायच्या.

मी म्हटलं, माणसं इथून तिथून सारखीच. घरोघरी मातीच्या चुली. मॅडम म्हणाल्या, सर, सेल्समनला पेन्शन कुठून येईल? मी म्हटलं, हल्लीची पिढी फार पुढे आहे.

हसल्या नाहीत. चेहरा कोरा. मीच शिकवलेला.

मग म्हणाल्या, जिमवाल्याचा पण फोन आला होता. तुम्ही त्याच्याकडे पुन्हा जाऊन आलात, आणि पहिल्यांदा आल्यासारखे सगळे प्रश्न परत विचारलेत. मी म्हटलं, डबल चेकिंग. माझी स्वतःची पद्धत आहे.

जिमवाल्याने अजून एक सांगितलं म्हणे. मी त्याला काका म्हणत होतो.

२७ जानेवारी, बुधवार

विचार केला. शांतपणे, पंखा बंद करून.

एक शक्यता अशी की माझी चूक होते आहे. ती बाद, कारण वीस वर्षांत झालेली नाही. दुसरी शक्यता अशी की जुनी माणसं गेलेलीच नाहीत. म्हणजे गेली आहेत, पण त्यांना सवय लागली आहे. दर दोन वर्षांनी एक माणूस येतो, समोर बसतो, कुठे दुखतं ते विचारतो आणि ऐकून घेतो. असं घरचं तरी कोण विचारतं? मग दारावर थाप पडली की तेच पुढे सरसावत असतील. नव्या माणसाच्या तोंडून बोलत असतील.

मी भुतं मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण मी समोरच्याचं ऐकतो आणि जे ऐकू येतं तेच लिहितो. सेल्समन तोंड हलवत होता आणि मला हेडबाईंचा खर्जातला आवाज ऐकू येत होता. मी काय करणार? ऐकू आलं ते लिहायचं, हाच नियम.

मॅडमना हे सांगायचं नाही. त्यांचा पाहणीवरचा विश्वास उडेल.

३० जानेवारी, शनिवार

बायको हल्ली माझ्याबरोबर फिल्डवर येते. घरी एकटीला करमत नाही म्हणते. वर येत नाही, खाली जिन्यापाशी उभी राहते. येताना मी नेहमीच्या रस्त्याने वळलो तर तिने हात धरून दुसरीकडे नेलं. मी म्हटलं, घर इकडे. ती म्हणाली, ते आपलं जुनं घर, पोरगी लहान असतानाचं. मला माहीत होतं. ती विसरते का ते बघत होतो. नाही विसरली. हे मात्र तिच्या बाजूने मांडायला हवं.

चालणं रोज चालू आहे. म्हणजे एक संकल्प पुरा. साखर बंद होती पण चहात कोणीतरी घालतं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

प्रमोशन. मॅडमनी मला फिल्डवरून काढून ऑफिसात बसवलं. नव्या मुलांसाठी ट्रेनिंगचं लिहून द्या म्हणाल्या, तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे. टॅब जमा करून घेतला. वजनकाटाही. पिशवीत सेलची इतकी पाकिटं कशी, म्हणून शिपाई विचारत होता. मी म्हटलं, तयारीचा माणूस असा असतो.

पेपरवाला, दूधवाला, सगळ्यांना सांगितलं प्रमोशनचं. बायकोला सांगितलं तर तिने पाठ फिरवून भांडी लावायला घेतली. भांडी लावलेलीच होती.

४ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसची खोली चांगली आहे. खिडकी आहे. समोर मोकळी खुर्ची. कोणी येऊन बसेल म्हणून ठेवलेली.

दुपारी टेलरकाका बसले होते. बोलले काही नाही, गुडघा चोळत होते. मी पण बोललो नाही, आता फिल्डवर नाही ना मी. विचारायचा अधिकार राहिला नाही. फार वाईट वाटलं. माणूस समोर बसला आहे, त्याचं दुखतंय, आणि आपल्याला विचारता येत नाही.

मग मला भीती वाटली. हे एवढं एकदाच लिहितो. काकांची नव्हे. काका चांगले आहेत. खुर्ची रिकामी झाली तेव्हा वाटली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचं पान फाडावं असं वाटलं. पण मागच्या बाजूला संकल्पांची यादी परत लिहिली आहे, तीही जाईल. राहू दे.

काल अंगात कणकण होती. नक्कीच.

८ फेब्रुवारी, सोमवार

(बायको म्हणते आज दहा तारीख, बुधवार. वाद घातला नाही. कॅलेंडर तिच्या बाजूने आहे.)

आनंदाची बातमी. नव्या भरतीत आमचं घर निघालं. मॅडमचा फोन बायकोला आला. बावन्न वर्षांची बाई, बरोबर वयाची. कर्मचाऱ्याचं घर निघालं की दुसऱ्याने जायचं असा नियम आहे, म्हणून मॅडम स्वतः येणार.

कॉम्प्युटर आंधळा असतो म्हणतात, पण बघा कसा नेमक्या घरी आला. आता बायकोची रीतसर तपासणी होईल आणि मला माझ्या तोंडाने काही सांगावं लागणार नाही. कोणी डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर भडकली असती. पाहणीला मात्र लगेच हो म्हणाली. मी तिच्या जागी असतो तर मीही डॉक्टरकडे गेलो नसतो. पोरगी गेल्या वर्षभरात मला कितीदा म्हणाली, बाबा एकदा दाखवून या. कानाला खडा लावलाय मी. धडधाकट माणसाने दवाखान्याची पायरी चढली की आजार मागे लागतो.

एकच कटकट. नवरा-बायको दोघांचीही मुलाखत घ्यायची असते. म्हणजे मलाही बसावं लागणार. हरकत नाही. हाताला चाळा.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम उद्या येणार. बायकोची तयारी करून घ्यावी म्हणून मी तिला दहा शब्द शिकवायला बसलो. पाहणीत आम्ही दहा शब्द वाचतो, ऐकणाऱ्याने आठवून सांगायचे, आणि इतर प्रश्न झाल्यावर पुन्हा एकदा सांगायचे. आधी शिकवणं नियमात बसत नाही, पण तिची अब्रू महत्त्वाची.

कंदील, घोडा, मीठ, खिडकी, डोंगर, पत्र, चाक, बाजार, राजा, दोरी.

तिने पहिल्याच फटक्यात सगळे सांगितले. मी थक्क. म्हणाली, अहो, वीस वर्षांपूर्वी पहिल्या फेरीच्या आधी तुम्ही हेच शब्द माझ्यावर घोकून पाठ केले होते. मला झोपेत विचारा. ही यादी तर केव्हाच बदलली ना?

बदलली असेल. यादीत काय आहे.

मग तिने विचारलं, आता तुम्ही सांगा. मी म्हटलं, परीक्षकाची परीक्षा घेत नसतात.

१३ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४

मॅडम येऊन गेल्या. सगळं तपशीलवार लिहितो.

आल्या त्या साध्या कपड्यांत, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात नव्हतं. ही चूक क्रमांक एक. टॅबऐवजी साधी वही. चूक क्रमांक दोन. आधी बायकोची मुलाखत व्हायला हवी होती, तिचं घर निघालंय, मी नुसता जोडीदार. पण बायको म्हणाली, आधी यांची होऊ दे. घाबरली असणार.

समोरासमोर बसलो. त्या माझ्या, म्हणजे विचारणाऱ्याच्या खुर्चीत, मी उत्तर देणाऱ्याच्या. ही खुर्ची इतकी खोल असेल असं वाटलं नव्हतं. समोरच्याचा पेन हलतो तेवढाच दिसतो. माझी सगळी माणसं वीस वर्षं असंच बघत बसली असतील.

तारीख विचारली. सांगितली. वार सांगितला. बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

दहा शब्द वाचले. मी लक्ष देऊन ऐकत होतो, पण खालून मशीनचा आवाज येत होता. पायाने चालवायच्या मशीनचा, अगदी स्पष्ट. तरी मी डगमगलो नाही. कंदील, घोडा, मीठ, खिडकी, डोंगर, पत्र, चाक, बाजार, राजा. फटाफट. दहावा ओठावर होता, आला नाही. दहापैकी नऊ. टेलरकाकांची बरोबरी.

मॅडमचा पेन थांबला. मग हळूच म्हणाल्या, छान.

मी दचकलोच. इतक्या वर्षांच्या शिकवणीवर पाणी. तिथल्या तिथे टोकणार होतो, पण घरी आलेल्या पाहुण्याला बायकोसमोर काय बोलायचं.

शेवटचा प्रश्न ठरलेला. आणखी दहा वर्षं तुम्ही जगाल याची शक्यता शून्य ते शंभरमध्ये किती? टेलरकाका दर फेरीत शंभर सांगायचे. माप नेहमी सैल घ्यावं म्हणायचे, मागून आत घेता येतं. मी पण शंभर सांगितलं. मॅडमनी काही लिहिलं नाही. चूक क्रमांक चार. की तीन?

दारात बायकोने त्यांचे दोन्ही हात धरले. मग मॅडमनी मला वाकून नमस्कार केला आणि गेल्या. बायकोची मुलाखत राहिलीच.

१५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

बायको समोर बसली, काकांच्या खुर्चीसारखी खुर्ची ओढून. म्हणाली, रागवायचं नाही. मग सांगितलं.

आपलं घर निघालंच नव्हतं. तिनेच मॅडमना फोन केला होता. तुम्ही डॉक्टरकडे येत नाही, माझं ऐकत नाही, पोरीचं ऐकत नाही, पण पाहणी म्हटलं की सरळ बसून उत्तरं द्याल, म्हणून. मॅडम नियमाबाहेर जाऊन आल्या. वाचलेले शब्द नव्या यादीतले होते, छत्री, ताट, असले काहीतरी. तुम्ही सांगितलेल्यांतला एकही त्यात नव्हता. मशीनचा आवाज आला नव्हता. चिठ्ठ्या तुमच्यासाठी लावल्यात. वर्षभर मी एकटी सांभाळतेय, आता मला एकटीला झेपत नाही, असं म्हणाली. रडली नाही. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मी रागावलो नाही.

तसं माझ्या लक्षात यायला हवं होतं. शनिवारीच, त्याच क्षणी. खरी पाहणी असती तर मॅडम छान म्हणाल्या नसत्या. मी शिकवलंय त्यांना.

म्हणजे ती मुलाखत रद्द. माझे नऊ गुण वाया.

बायको विचारते, काय लिहिताय. म्हटलं, संकल्प. गुरुवारी दवाखाना, तिला सोबत म्हणून जायचं.

वजनकाट्याचे सेल आणायचे.

दोरी. दहावा शब्द दोरी होता.